घरच्या मैदानावर ३-३: हरले नाहीत, मग फॅन्स एवढे का चिडले?

चॅम्पियन्स लीगचा आठवडा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी फुटबॉलच्या कुठल्याही ग्रुपवर हे ठरलेलं असतं. एकजण रात्री दीडला उठून मॅच बघून बसलेला, झोप नाही, डोकं तापलेलं, आणि दुसरा निवांत आठला उठून नुसता स्कोअर बघून लिहितो, "अरे ड्रॉच झालाय ना, हरले थोडेच?" मग पुढचे दोनशे मेसेज त्यावरच.

आता गंमत अशी आहे की दुसरा काही चूक बोलत नाही, पण पहिलाही उगाच चिडलेला नाही, आणि दोघांचं म्हणणं एकाच वेळी कसं बरोबर असतं हे कळायला थोडं गणित लागतं. त्यात युएफाने, म्हणजे युरोपातलं फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेने, २०२४ पासून स्पर्धेची रचनाच बदलली त्यामुळे वर्षानुवर्षं बघणारे लोकसुद्धा टेबल बघून डोकं खाजवतात.

म्हणून एकच मॅच घेऊन बसतो. मँचेस्टर सिटी विरुद्ध नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा फेयेनूर्ड, २६ नोव्हेंबर २०२४, मैदान सिटीचंच, एतिहाद. आपल्याकडे तेव्हा २७ तारखेची रात्र दीडची वेळ. सिटीचे फॅन आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांच्या मालक ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीत ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हापासून तर मुंबईत हे नाव परकं राहिलेलंच नाही.

आधी टेबल समजून घेऊ

पूर्वी सोपं होतं. ३२ टीम, चार-चारचे आठ ग्रुप, प्रत्येकाच्या सहा मॅच, ग्रुपमधले वरचे दोन पुढे. २०२४-२५ पासून ग्रुप गेले. आता ३६ टीम एकाच लांबलचक टेबलमध्ये असतात, याला लीग फेज म्हणतात. प्रत्येक टीम आठ वेगवेगळ्या टीमशी एकेकदाच खेळते, चार मॅच घरी आणि चार बाहेर. जिंकलात तर ३ पॉइंट, ड्रॉ झाला तर १, हरलात तर काही नाही. पॉइंट सारखे झाले तर गोल डिफरन्स बघतात, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, आपल्या आयपीएलमध्ये नेट रन रेट जे काम करतो तेच.

आठ मॅच संपल्या की टेबलचे तीन तुकडे पडतात. पहिले आठ थेट शेवटच्या १६ मध्ये. नववा ते चोविसावा, या सोळा जणांना आधी प्लेऑफ खेळायचा, दोन मॅचचा, एक घरी एक बाहेर. आणि पंचविसाव्यापासून खाली सगळे त्या वर्षीच्या युरोपातून बाहेरच, पूर्वी ग्रुपमध्ये तिसरे आलेले निदान युरोपा लीगमध्ये तरी जायचे, आता तेही नाही.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. लोक अडकतात ते पुढच्या भागात. प्लेऑफमध्ये सोळा जणांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकून सरसकट काढत नाहीत. ९ ते १६ हे सीडेड, त्यांना समोर १७ ते २४ मधलाच मिळतो आणि दुसरी मॅच घरी खेळायला मिळते. त्यातही जोड्या बांधलेल्या आहेत: ९-१० समोर २३-२४, ११-१२ समोर २१-२२, १३-१४ समोर १९-२०, आणि १५-१६ समोर १७-१८. म्हणजे तुम्ही बाविसावे आलात तर तुमच्यासमोर अकरावा नाहीतर बारावा, बास, तिसरा पर्याय नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या रात्री झालं काय

सिटी मॅचला आली तीच सलग पाच पराभव घेऊन, सगळ्या स्पर्धा धरून. तीनच दिवस आधी याच मैदानावर टॉटनमने ०-४ असं धुतलेलं. मिडफिल्डचा खांब रॉड्री सप्टेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध गुडघा घेऊन बसला होता, मधल्या काळात वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर जिंकला पण सीझन गेलाच होता.

तरी फेयेनूर्डविरुद्ध सगळं मस्त चाललं होतं. ४४ व्या मिनिटाला हालँडची पेनल्टी, ५० व्या मिनिटाला गुंडोगान, ५३ व्या मिनिटाला परत हालँड. ३-०. पाऊण तास होऊन गेलेला, घरचं मैदान, लोक म्हणायला लागले की चला, गाडी रुळावर आली.

७५ व्या मिनिटाला ग्वार्दिओलने (डिफेंडर ग्वार्दिओल, कोच पेप ग्वार्दिओला वेगळा, आपल्या कॉमेंटेटरांचीही यात तारांबळ उडते) मागे गोलकीपरला दिलेला पास एवढा कच्चा होता की फेयेनूर्डचा हाज मुसा मध्ये घुसला, एदेरसनला चकवून बॉल जाळ्यात. ३-१. ठीक आहे, होतं कधीकधी. ८२ व्या मिनिटाला हिमेनेझ, ३-२. आता स्टेडियममध्ये चुळबुळ. ८९ व्या मिनिटाला एदेरसन गोल सोडून पार बाहेर धावत आला, पायशाओ त्याच्या आधी बॉलपाशी पोचला, रिकाम्या गोलसमोर क्रॉस आणि हान्कोचं हेडर. ३-३.

७५ व्या मिनिटापर्यंत तीन गोलने पुढे असून मॅच न जिंकणारी सिटी ही चॅम्पियन्स लीगच्या इतिहासातली पहिली टीम ठरली. शिट्टी वाजल्यावर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि चार वेळा सलग प्रीमियर लीग जिंकून देणाऱ्या टीमची हुर्यो उडवायची वेळ येते तेव्हा समजून घ्यायचं की रागाच्या खाली भीती आहे.

एक मिळाला की दोन गेले?

आता मुद्द्यावर येतो. ड्रॉ झाला की फॅन्समध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते एक पॉइंट कमावला, दुसरी म्हणते दोन घालवले. त्या रात्री यातलं काय खरं हे सांगणं शक्यच नसतं, कारण किंमत ठरते टेबल पूर्ण झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी. आपल्याकडे आता ते पूर्ण टेबल आहे, तर बघूया.

सिटीचा हिशोब: आठ मॅचमध्ये तीन विजय, दोन ड्रॉ, तीन पराभव. ११ पॉइंट, १८ गोल केले, १४ खाल्ले, गोल डिफरन्स अधिक ४. नंबर बाविसावा.

आता बाकी सगळे निकाल जसेच्या तसे ठेवू आणि फक्त या एका मॅचचा निकाल बदलून बघू. (खऱ्या आयुष्यात असं नसतं मान्य आहे, एक निकाल बदलला की पुढच्या मॅचचं प्रेशर बदलतं, टीम वेगळी उतरते वगैरे, पण किंमत काढायला दुसरा मार्गही नाही.)

समजा सिटी हरली असती, ३-४ धरा. पॉइंट १०. तेव्हा ११ पॉइंटवाली डिनामो झाग्रेब, जी प्रत्यक्षात पंचविसावी येऊन गोल डिफरन्सवर बाहेर गेली, ती चोविसावी झाली असती आणि सिटी पंचविसावी. म्हणजे खेळ खल्लास. तेव्हा "हरले थोडेच" म्हणणारा सकाळचा माणूस अगदी बरोबर होता, त्या एका पॉइंटनेच सिटीला स्पर्धेत ठेवलं.

आता समजा सिटी जिंकली असती. ३-० सोडा, ३-२ ने सुद्धा. पॉइंट १३. तेरावर आधीच पीएसजी, बेनफिका, मोनॅको, ब्रेस्त अशी गर्दी होती, पण सिटीचा गोल डिफरन्स त्या सगळ्यांच्या वर गेला असता, अगदी ३-२ ला पीएसजीच्या बरोबरीचा अधिक ५ झाला असता तरी जास्त गोल केल्यामुळे सिटीच वर. नंबर पंधरावा. म्हणजे सीडेड, दुसरी मॅच घरी, आणि समोर सतरावा-अठरावा, म्हणजे बेनफिका नाहीतर मोनॅको.

प्रत्यक्षात बाविसावे आले म्हणून समोर कोण? अकरावा किंवा बारावा. त्या वर्षी अकरावा होता रिअल माद्रिद आणि बारावा बायर्न म्युनिक. आता बोला! चिठ्ठी निघाली रिअलची. ११ फेब्रुवारीला एतिहादवर २-३, १९ फेब्रुवारीला रिअलच्या बर्नाबेऊवर १-३, एम्बाप्पेची हॅटट्रिक, दोन्ही मिळून ३-६ आणि सिटी घरी.

हे आपल्या दहावीच्या निकालासारखं आहे बघा. पास तर झालात, पेढे वाटले, पण खरी गंमत अकरावीच्या मेरिट लिस्टला कळते, दोन मार्क कमी पडले म्हणून हवं ते कॉलेज गेलं आणि आता रोज दोन तासांचा प्रवास. मार्कशीट बघून कोणी म्हणणार नाही की दोन मार्कांनी काही बिघडलं.

म्हणजे बघा, तो एक पॉइंट नसता तर सिटी बाहेर, आणि ते दोन मिळाले असते तर रिअल समोर आलाच नसता. दोन्ही पार्ट्यांचं बरोबर. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मी दोन घालवले पार्टीत, कारण ३-० वर असलेल्या टीमने हरण्याच्या भीतीशी तुलना करायची नसते.

आणि सगळ्यात वर कडी म्हणजे समोरच्याचं काय झालं ते. फेयेनूर्ड १३ पॉइंट घेऊन एकोणिसावे आले. एतिहादवरचा तो एक पॉइंट काढून टाका, १२ पॉइंट आणि खराब गोल डिफरन्समुळे ते युव्हेंटस आणि सेल्टिकच्याही खाली जातात, बाविसाव्या नंबरवर. म्हणजे रिअल-बायर्नवाला खड्डा त्यांच्या वाट्याला आला असता, त्या चौदा मिनिटांत त्यांनी तो सिटीला देऊन टाकला.

मग इंटरशी ०-० झाला तेव्हा कोणी का नाही चिडलं?

ही शंका रास्त आहे. सिटीचे घरचे ड्रॉ दोन होते. पहिला १८ सप्टेंबरला इंटर मिलानशी, ०-०. टेबलमध्ये दोन्हींचं वजन सारखंच, एकेक पॉइंट. तरी त्या वेळी लोकांनी खांदे उडवले आणि झोपायला गेले.

कारण फॅन्स पॉइंट मोजत नाहीत, ते अपेक्षेतून पॉइंट वजा करतात. कोण कोणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या काढताना ३६ टीमचे चार गट करतात, त्याला पॉट म्हणतात, पहिल्या पॉटमध्ये युरोपातली मागच्या काही वर्षांची भारी मंडळी आणि मग उतरत्या क्रमाने. प्रत्येक पॉटमधल्या दोघांशी तुमची मॅच, एक घरी एक बाहेर. इंटर पहिल्या पॉटमधला, घरी. त्यांच्याशी ड्रॉ म्हणजे चालतंय, आणि पुढे कळलं की अख्ख्या लीग फेजमध्ये आठ मॅचमध्ये त्यांनी एकच गोल खाल्ला होता, चौथे आले. फेयेनूर्ड तिसऱ्या पॉटमधला, तोही घरी. सीझनच्या सुरुवातीला कागद-पेन घेऊन बसलेला कुठलाही फॅन या मॅचसमोर डोळे मिटून ३ लिहितो. बाहेर पीएसजी, युव्हेंटस, स्पोर्टिंग अशा मॅच असताना घरच्या मॅचच तर बँकेत टाकायच्या असतात. (सिटी त्या तिन्ही हरली, पण ते नंतर.)

शिवाय ०-० मध्ये हातातलं काही गेलेलं नसतं. ३-० नंतर ३-३ मध्ये खिशात घातलेलं कोणीतरी काढून नेतं.

पण होम ग्राउंडचा एवढा काय बाऊ? बॉल तोच, गोल तोच

फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. युएफानेच २०२१ मध्ये आकडे दिले होते: १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्या स्पर्धांमध्ये घरची टीम ६१ टक्के मॅच जिंकायची आणि पाहुणी १९ टक्के. २०२१ पर्यंत ते घरचे ४७ टक्के, पाहुणे ३० टक्के असं झालं होतं. म्हणजे फायदा कमी झालाय पण संपलेला नाही, अजूनही घरच्यांचं पारडं चांगलंच जड.

कारणं तुम्हाला माहीतच आहेत, प्रवास नाही, सवयीचं मैदान, प्रेक्षकांचा आवाज, आणि रेफरीही माणूसच असतो, पन्नास हजार लोक ओरडायला लागले की त्याच्यावरही थोडा परिणाम होतो. कोविडमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच झाल्या तेव्हा बऱ्याच लीगमध्ये घरच्यांचा हा फायदा घटलेला दिसला, म्हणजे प्रेक्षक नुसती शोभा नाहीत हे सिद्ध झालं.

सिटीचं तर आणखी वेगळं. सप्टेंबर २०१८ मध्ये लियोंकडून हरल्यापासून चॅम्पियन्स लीगमध्ये ते घरी हरलेच नव्हते. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर फेयेनूर्डच्या मॅचनंतरही तो रेकॉर्ड शाबूत होता! मोडला तो थेट फेब्रुवारीत, रिअलने.

जुने लोक "अवे गोल, अवे गोल" करतात ते काय प्रकरण?

दोन मॅचच्या नॉकआउटमध्ये दोन्ही स्कोअरची बेरीज करतात, त्याला ॲग्रिगेट म्हणतात. बेरीज सारखी आली की पूर्वी नियम असा होता की ज्याने बाहेरच्या मैदानावर जास्त गोल केले तो पुढे. १९६५ मध्ये हा नियम आला, तेव्हा परक्या देशात जाऊन खेळणं म्हणजे दिव्य असायचं, पाहुणे दहाजण मागे उभे करून बसायचे, त्यांनी जरा हल्ला करावा म्हणून हे आमिष.

पुढे उलटंच झालं. पाहुण्यांना गोल करायला आमिष दाखवता दाखवता घरचेच घाबरायला लागले, कारण घरी एक गोल खाल्ला की तो जणू दीड गोल. म्हणून त्या काळात घरचा १-१ हा ड्रॉ फॅन्सना पराभवापेक्षा फार वेगळा वाटायचा नाही. आर्सेनल फॅन्सना विचारा, २६ एप्रिल २०१८, युरोपा लीग सेमीफायनल, कोच वेंगर क्लब सोडणार हे जाहीर झालेलं, समोर ॲटलेटिको माद्रिदचा वर्साल्को दहाव्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन बाहेर, सव्वा तासाहून जास्त वेळ दहा जणांविरुद्ध खेळून लाकाझेतचा एक गोल, आणि ८२ व्या मिनिटाला ग्रीझमनने फेडला. १-१. आता माद्रिदला जाऊन ०-० सुद्धा ॲटलेटिकोला पुरणार होता. तिथे डिएगो कोस्टाने एक मारला आणि वेंगरचा युरोपातला प्रवास संपला.

जून २०२१ मध्ये युएफाने नियम रद्द केला. आता बेरीज सारखी तर सरळ एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी. आणि याचा फटका कोणाला बसला तर परत सिटीलाच, फेयेनूर्डच्या मॅचच्या काही महिने आधी, एप्रिल २०२४ मध्ये. क्वार्टरफायनल, बर्नाबेऊवर ३-३, मग एतिहादवर १-१. जुना नियम असता तर सिटीचे बाहेर तीन गोल, रिअलचा बाहेर एक, सिटी नव्वद मिनिटांतच पुढे. नव्या नियमात पेनल्टी शूटआउट झालं आणि रिअल ४-३ ने जिंकलं. त्यामुळे "हल्ली घरच्या ड्रॉला काही अर्थ नाही, अवे गोल गेलाय" असं कोणी म्हणालं तर सिटी फॅनसमोर म्हणू नका एवढंच.

लीग फेजमध्ये तर प्रत्येकाशी एकच मॅच, परतफेडीची संधीच नाही. फेयेनूर्डला जाऊन दोन आठवड्यांनी हिशोब चुकता करू असं म्हणायची सोय नाही.

"नशीब खराब होतं" विरुद्ध "टीमच खराब आहे"

ड्रॉनंतरची खरी भांडणं इथे होतात आणि इथे एक्सजी नावाचं हत्यार बाहेर येतं. एक्सजी म्हणजे प्रत्येक शॉटला, तो जिथून आणि जसा मारला त्यावरून, गोल होण्याची शक्यता किती याचा आकडा. शंभर पेनल्टीतल्या साधारण ७५ ते ८० गोल होतात म्हणून पेनल्टीचा एक्सजी ०.७५ ते ०.८० च्या मध्ये, तीस मीटरवरून अंदाधुंद मारलेल्याचा अगदी नगण्य. मॅचमधल्या सगळ्या शॉटची बेरीज केली की कळतं की चान्स किती चांगले मिळाले होते.

याचा उपयोग आहे. समजा टीमने ढीगभर चांगले चान्स काढले, समोरचा गोलकीपर पिसाटल्यासारखा खेळला आणि १-१ झाला, तर तो नशिबाचा ड्रॉ, वैताग येतो पण काळजी करू नका, चार मॅचमध्ये तो भरून निघतो. पण ३-० वरून ३-३ होतं तेव्हा एक्सजी काय सांगणार? तो शॉट मोजतो, शॉटच्या आधी ग्वार्दिओलने दिलेला पास मोजत नाही, एदेरसन का धावत सुटला ते मोजत नाही, पहिला गोल खाल्ल्यावर अकरा जणांच्या चेहऱ्यावर काय आलं ते तर नाहीच नाही. शिवाय ३-० झाल्यावर कुठलीही टीम हात आखडता घेते त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासाचे आकडे तसेही फसवे.

म्हणून माझं म्हणणं असं की अशा ड्रॉचा निवाडा त्या मॅचच्या आकड्यांवरून करायचा नाही, पुढे तेच परत होतंय का ते बघायचं. आणि झालं. १५ डिसेंबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध घरी ८८ व्या मिनिटापर्यंत १-० पुढे, हरले १-२. १४ जानेवारीला ब्रेंटफर्डला २-० पुढे, शेवटच्या दहा मिनिटांत २-२. २२ जानेवारीला पॅरिसमध्ये २-० पुढे, हरले ४-२. आणि रिअलविरुद्ध एतिहादवर ८६ व्या मिनिटापर्यंत २-१ पुढे, हरले २-३. एवढं एकाच साच्यातलं वारंवार होतं तेव्हा ते नशीब नसतं. पुढे असताना बॉल ठेवून मॅच झोपवायचं काम रॉड्री करायचा, तो नव्हता, बाकीचे दमलेले, आणि नोव्हेंबरमध्ये हुर्यो उडवणाऱ्यांना हे आकड्यांशिवायच कळलं होतं. त्यातले काही उगाच पेपला हाकला म्हणत होते, ते मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही नाही.

पैशाचं काय?

थोडक्यात सांगतो. लीग फेजमध्ये जिंकलेल्या मॅचला २१ लाख युरो, ड्रॉला ७ लाख. म्हणजे त्या चौदा मिनिटांत १४ लाख युरो गेले, ९० रुपयांचा युरो धरला तर साडेबारा कोटींच्या आसपास. सिटीसारख्या क्लबला हे किरकोळ. पण शेवटच्या १६ मध्ये पोचलं की १ कोटी १० लाख युरो मिळतात, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्या घरात, आणि ते प्लेऑफ हरल्यामुळे गेले. छोट्या देशातल्या क्लबला याच रकमेत दोन-तीन खेळाडू येतात.

"पण पीएसजी तर पंधरावे येऊन कप जिंकले की!"

हा सगळ्यात आवडता मुद्दा आणि वरवर बिनतोड. खरंच आहे, पीएसजी २०२४-२५ च्या लीग फेजमध्ये पंधरावे होते, त्यांचाही घरी एक नको तो ड्रॉ झाला होता, ऑक्टोबरमध्ये पीएसव्हीशी १-१, आणि ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये इंटरला ५-० हरवून पहिल्यांदा कप नेला.

पण नीट बघा, पंधरावे. म्हणजे सीडेड. समोर आला ब्रेस्त, त्यांच्याच लीगमधला, पहिल्यांदाच युरोपात खेळणारा, दोन मॅच मिळून १०-० ने हरवला. सिटीने फेयेनूर्डला हरवलं असतं तर पंधरावी जागा सिटीची होती आणि पीएसजी सोळावे गेले असते, समोर तेच बेनफिका नाहीतर मोनॅको. म्हणजे पीएसजीचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे, पंधरावा आणि बाविसावा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे त्यातून कळतं.

हां, एक कबूल करायला हवं. पंधरावे-सोळावे आलेल्यांना पुढच्या फेरीत टेबलमधले पहिले दोन, म्हणजे लिव्हरपूल किंवा बार्सिलोना मिळणार हे ठरलेलं होतं. पीएसजीला लिव्हरपूल आला, पॅरिसमध्ये ते ०-१ हरले, मग लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर १-० जिंकून पेनल्टीवर सुटले. त्या सीझनची सिटी, रॉड्रीशिवाय, ॲनफिल्डवर असं करू शकली असती का? मला नाही वाटत. पण मार्चमध्ये हरणं आणि फेब्रुवारीत हरणं यात दोन मॅच, एक फेरी आणि ते शंभर कोटी एवढं अंतर आहे, शिवाय जानेवारीच्या शेवटी ब्रुजविरुद्ध हाफटाइमला ०-१ मागे असताना आपण लीग फेजमध्येच बाहेर जातोय की काय म्हणून जो घाम फुटला होता तो फुटला नसता. (ती मॅच ३-१ जिंकले, म्हणून तर बाविसावे. मॅचच्या आधी ते पंचविसावे होते.)

आणि फेयेनूर्ड? एकोणिसावे आल्यामुळे त्यांच्यासमोर तेरावा एसी मिलान आला. घरी १-० जिंकले, सान सिरोवर १-१ काढला आणि मिलानला बाहेर काढून शेवटच्या १६ मध्ये गेले, तिथे इंटरने हरवलं. तो सान सिरोवरचा १-१ मिलानसाठी घरचा ड्रॉ होता, आणि मिलानचे फॅन्स त्याबद्दल काय बोलले असतील हे आता वेगळं सांगायला नको.